बाळाच्या हेल्मेटची कुळकथा

दोंडाईचा असो की खानदेशातलं दुसरं कुठलं गाव, घरात बाळ येणार म्हटलं की कुंची, टोपडी, दुपटी यांच्या जोडीला एक लहानशी उशी शिवली जाते. मऊ सुती कापडाची पिशवी आणि तिच्यात निवडून वाळवलेली मोहरी. दाणे बारीक, गोल, गुळगुळीत. बाळाने डोकं टेकलं की ते बाजूला सरकतात, डोक्याच्या मापाचा खळगा पडतो आणि भार एकाच जागी न राहता पसरतो. परदेशात चपट्या डोक्याच्या बाळांना जे प्लास्टिकचं हेल्मेट घालतात, त्याचं आणि या उशीचं कूळ एकच आहे. बाळाचं डोकं मागून किंवा एका बाजूने चपटं होतं, या एकाच काळजीतून दोघं जन्मली.

डोकं चपटं का होतं? तान्ह्या बाळाची कवटी एकसंध नसते. हाडांच्या वेगवेगळ्या पाट्या लवचीक शिवणींनी सांधलेल्या असतात आणि मध्ये टाळू मोकळी असते. पुढची टाळू बहुतेक बाळांमध्ये ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान भरते. आतला मेंदू वाढतो तशी कवटी वाढते. जन्मवेळी डोक्याचा घेर साधारण ३४ सेंटिमीटर असतो, वर्षाच्या बाळाचा ४५-४६. यातली जवळपास निम्मी वाढ पहिल्या तीन महिन्यांतच होते. त्याच काळात बाळाला मान सावरता येत नाही. एकाच अंगावर डोकं टेकून राहिलं, तर वाढीला त्या बाजूने जागा मिळत नाही आणि ती दुसरीकडे वळते.

बाळाच्या डोक्याची काळजी आपल्याकडे फार जुनी. नवजात बाळाच्या टाळूवर स्नेहात भिजवलेला कापसाचा बोळा ठेवावा, असं चरकसंहितेच्या शारीरस्थानात सांगितलं आहे. अंघोळीआधी टाळू तेलाने भरणारी आजी तोच धागा पुढे नेते. जगात इतरत्र मात्र डोकं मुद्दाम घडवण्याच्या रीती होत्या. हिपोक्रेटिसच्या नावे चालत आलेल्या ग्रीक ग्रंथात, बाळाचं डोकं बांधून लांबट करणाऱ्या लोकांचं वर्णन आहे. पेरू देशातल्या पराकास भागात अशा लांबट कवट्या मोठ्या संख्येने सापडल्या. कोवळी कवटी बाहेरच्या दाबाने आकार घेते, हे माणसाने अशा रीतीने फार पूर्वीच ओळखलं होतं.

आजच्या हेल्मेटने हाच गुण उलट्या कामासाठी वापरला. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले बालरोगतज्ज्ञ स्टर्लिंग क्लॅरन आणि डेव्हिड स्मिथ यांनी जेम्स हॅन्सन यांच्यासह १९७९ मध्ये या उपचारावरचा निबंध प्रसिद्ध केला. एका बाजूने चपटं झालेलं डोकं आणि जन्मतः वाकडी राहिलेली मान, असा त्याचा विषय होता. हेल्मेट डोक्याच्या फुगीर भागाला टेकतं आणि चपट्या भागावर पोकळी सोडतं. मेंदू वाढतो, वाढीला पोकळीची वाट मिळते आणि खोलगट बाजू हळूहळू भरून येते. म्हणजे डोकं गोल करण्याचं काम वाढच करते, हेल्मेट फक्त तिला दिशा दाखवतं.

पहिली काही वर्षं हा उपचार मोजक्या बाळांपुरता होता. तो पसरला एका फार चांगल्या मोहिमेमुळे. पालथं झोपवलेली तान्ही बाळं झोपेतच अचानक दगावण्याचं प्रमाण जास्त असतं, हे लक्षात आल्यावर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९२ मध्ये बाळाला पालथं न झोपवण्याचा सल्ला दिला. १९९४ पासून उताणं झोपवण्याची देशव्यापी मोहीम सुरू झाली. असे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. मात्र मागून चपट्या डोक्यांची बाळं दवाखान्यांत जास्त दिसू लागली, आणि १९९६ पासून तशा नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागल्या. १९९८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा उपकरणाला विक्रीची मान्यता दिली आणि हेल्मेटचा मोठा व्यवसाय उभा राहिला. आपल्या घरांत बाळाला उताणं निजवण्याची रीत आधीपासूनच होती, म्हणून मोहरीची उशीही आधीपासून होती.

हेल्मेट बाळाच्या मापाने बनवावं लागतं. पूर्वी डोक्याचा प्लास्टरचा साचा घेत, आता त्रिमितीय छायाचित्रणाने माप घेतात. साधारण चार ते सहा महिन्यांच्या वयात सुरुवात करून दिवसाचे २३ तास, काही महिने ते डोक्यावर ठेवावं लागतं. मे महिन्यात जिथे पारा ४२ अंशांच्या वर जातो, त्या आमच्या तापी खोऱ्यात हे २३ तास म्हणजे काय, हे इथल्या आईला वेगळं सांगायला नको.

आणि एवढं सोसून मिळतं किती? नेदरलँड्समध्ये ८४ बाळांवर झालेला अभ्यास २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे बाळांचे दोन गट केले होते. एका गटाला सहा महिने हेल्मेट, दुसऱ्याला काहीच नाही. दोन वर्षांच्या वयात तपासलं, तेव्हा पूर्ण सुधारणा पहिल्या गटात २६ टक्के आणि दुसऱ्यात २३ टक्के बाळांमध्ये होती. हा फरक नगण्य. हेल्मेट घातलेल्या प्रत्येक बाळाच्या पालकांनी त्वचा लाल होणं, घाम, वास, बाळाला कुशीत घेताना अडचण यांपैकी काही ना काही त्रास नोंदवला. अतितीव्र चपटेपणाची बाळं मात्र या अभ्यासात नव्हती. अशा मोजक्या बाळांसाठी तज्ज्ञ आजही हेल्मेटचा विचार करतात, आणि तो रास्त आहे.

उशीबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. डोक्याला आकार देणाऱ्या उश्या तान्ह्या बाळांसाठी वापरू नयेत, त्यांनी झोपेत श्वास कोंडण्याचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ मध्ये दिला. आजीची माया खरी, पण झोपलेल्या बाळाजवळ मोहरीचीही उशी नको. मालिश करताना डोकं दाबून गोल करणंही थांबवायला हवं.

त्याच मालिशीत खरा उपाय दडलेला आहे. मालिश करणारी बाई पाय पसरून बसते आणि बाळाला पायांवर पालथं घेते. तेवढा वेळ डोक्यामागचा भार उतरतो, मान आणि पाठ बळकट होते. जागेपणी, कुणीतरी जवळ बसून, असं पालथं ठेवणं दिवसातून अनेकदा व्हावं. पावणेदोन महिन्यांच्या सुमारास ते दिवसाला एकूण १५ ते ३० मिनिटांवर न्यावं. झोप मात्र उताणीच. बाळ उजेडाकडे आणि आवाजाकडे मान वळवतं, म्हणून अंथरुणात त्याचं डोकं आज एका टोकाला, उद्या दुसऱ्या टोकाला ठेवावं. पाजताना, कडेवर घेताना बाजू बदलावी.

मान सारखी एकाच बाजूला झुकत असेल, दुसरीकडे वळत नसेल, तर मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो. लवकर सुरू केलेल्या व्यायामाने तो बहुधा सुटतो. शिवणीवर कडक कंगोरा हाताला लागत असेल किंवा डोक्याचा आकार दिवसेंदिवस बिघडत असेल, तर शिवण वेळेआधी जुळल्याची शंका घ्यावी. तो आजार वेगळा, शस्त्रक्रियेचा. तिथे घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत.

बाळंतिणीच्या घरी बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आशाताई येतात. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना लस असते. डोक्याची वाढ सर्वांत वेगाने होते तो काळही नेमका हाच. म्हणून दोंडाईच्यातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या आईबापांना कळकळीची विनंती आहे: लस टोचून घेताना बाळाचं डोकं वरून आणि मागून डॉक्टरांना दाखवा, मान दोन्हीकडे वळते का ते तपासून घ्या. पहिल्या तीन महिन्यांत एवढं केलं, तर बहुतेक बाळांना हेल्मेटची गरजच पडत नाही.