पडद्यावरचा प्याला आणि गुत्त्यावरचा प्याला



हल्ली चार जाणती माणसे पारावर बसली की तरुण पिढीचा विषय निघतो आणि हटकून मोबाइलपाशी येऊन थांबतो. पोरगा अभ्यास करीत नाही, मोबाइलमुळे. उलट बोलतो, मोबाइलमुळे. आणि उद्या तो पिऊ लागला तर तेही मोबाइलमुळेच, असा सर्वांचा कौल पडतो. या कौलाला अगदीच आधार नाही असे नाही. पडद्यावर जे खेळ मुले खेळतात त्यांत मारामारी असते तशी दारूही असते. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या जगभर खपलेल्या खेळाच्या २००८ सालच्या चौथ्या भागात नायक बारमध्ये जाऊन पितो, त्याची पावले लटपटू लागतात आणि सबंध पडदा त्याच्याबरोबर डोलू लागतो. २०१८ सालच्या ‘रेड डेड रिडेम्प्शन’च्या दुसऱ्या भागातही गुत्त्यावरच्या दारूबाजीचा मोठा प्रसंग रंगविला आहे. असले खेळ खेळणारा मुलगा खऱ्या प्याल्याकडे वळतो काय, हा आजचा प्रश्न आहे.

प्रश्न नवा दिसतो. पण तो नवा नाही. करमणुकीतली दारू माणसाला पाजते की सोडविते, हा वाद आपल्या मराठी मुलखाने शंभराहून अधिक वर्षे निरनिराळ्या वेषांत पाहिला आहे. म्हणून उत्तर शोधण्यापूर्वी थोडे मागे जाऊ.

राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ सर्वांना ठाऊक आहे. गडकरी १९१९ च्या जानेवारीत वारले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास ते रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची सिंधू जात्यावर दळू लागली की थिएटरात डोळे पुसले जात. दारूविरुद्ध मराठीत याहून मोठे हत्यार कोणी उपसले नसेल. पण गंमत पाहा. त्याच नाटकात ‘आर्य मदिरा मंडळ’ आहे आणि तळीराम आहे. प्रेक्षक सिंधूसाठी रडत, आणि तळीरामाच्या कोट्यांवर पोट धरून हसत. एकाच तिकिटात दारूचा धिक्कारही मिळे आणि दारूची मैफलही मिळे. आता सांगा, घरी जाताना प्रेक्षक कोणाला बरोबर घेऊन गेला, सिंधूला की तळीरामाला? माझ्या मते ते तो कोणत्या घरी जात होता त्यावर अवलंबून होते.

गडकऱ्यांनी स्वतःही हेच सांगून ठेवले आहे. सुधाकर नाटक-तमाशा पाहून प्यायला लागत नाही. तो वकील आहे, त्याची सनद काही काळ काढून घेतली जाते, मानी माणसाचा भर कचेरीत अपमान होतो. आणि नेमक्या त्या घटकेला शेजारी तळीराम पेला घेऊन उभा असतो. कामावरचा घाव आणि हाताशी असलेला पेला, या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे पहिला प्याला ओठाला लागतो. कामगार-चळवळीत उभे आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला हे पटवून देण्यासाठी नाटकाची गरज नाही. ज्या गिरणीला टाळे लागले तिच्या चाळीत हे मी पाहिले आहे.

पुढे चित्रपट आला. १९३९ साली मुंबईत खेर मंत्रिमंडळाने दारूबंदी सुरू केली. त्याच वर्षी आचार्य अत्रे यांनी लिहिलेला आणि मास्टर विनायकांनी दिग्दर्शिलेला ‘ब्रँडीची बाटली’ हा चित्रपट निघाला. दामूअण्णा मालवणकरांचा भोळा बगाराम बाटली शोधत हिंडतो आणि लोक हसून बेजार होतात. त्यानंतरच्या हिंदी चित्रपटात दारुड्याचे सोंग ही हुकमी हशाची जागा होऊन बसली. त्या सोंगाचा राजा जॉनी वॉकर. मूळचा मुंबईचा बस-कंडक्टर, नाव बद्रुद्दीन काझी. गुरुदत्तांनी त्याला व्हिस्कीचे नाव दिले. जन्मभर पडद्यावर झिंगणारा हा माणूस खऱ्या आयुष्यात दारूला शिवत नसे. सोंग आणणारा न पिता राहू शकतो, तर सोंग पाहणाराही राहू शकतो, एवढे यावरून खचित म्हणता येते. मात्र कोणीच बिघडत नाही, असे त्यावरून म्हणता येत नाही.

आता शास्त्रज्ञांकडे वळू. इंग्लंडातील नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. तेथे खूप खपणारे ३२ खेळ त्यांनी तपासले, तेव्हा शेकडा ४४ खेळांत दारू किंवा तंबाखू आढळली. मग ११ ते १७ वर्षांच्या १,०९४ मुलांना प्रश्न विचारले. असले खेळ खेळणाऱ्यांत दारू-तंबाखू चाखून पाहिल्याचे प्रमाण इतरांच्या दुपटीच्या घरात निघाले. आकडा भिववणारा आहे. पण या आकड्यावरून आधी कोण आणि मागून कोण हे ठरत नाही. खेळामुळे मुलगा प्याला, की ज्या मुलावर घरी कोणाचे लक्ष नाही तोच असले खेळही खेळतो आणि तोच बाटलीही उघडून पाहतो? दोन गोष्टी एकत्र नांदतात म्हणून एक दुसरीची आई ठरत नाही.

दुसरा प्रयोग हॉलंडातला, २००९ साली प्रसिद्ध झालेला. ऐंशी तरुण विद्यार्थ्यांना सुमारे तासभर चित्रपट दाखविला. काहींच्या चित्रपटात पुष्कळ पिणे होते आणि मध्ये दारूच्या जाहिराती होत्या. काहींच्यात पिणे बेताचेच होते आणि जाहिराती दारूच्या नव्हत्या. पहिल्या गटातील मुले सरासरीने सुमारे दीड पेला अधिक प्याली. म्हणजे चित्राचा परिणाम होतो, हे कबूल केलेच पाहिजे. पण त्या खोलीत आणखी एक वस्तू होती, आणि ती म्हणजे बिअर ठेवलेला फ्रीज. तो तेथे नसता तर सबंध चित्रपट दारूने भिजलेला असूनही एक घोटही कोणाच्या घशाखाली उतरला नसता.

मित्रहो, हा फ्रीज ध्यानात ठेवा. कारण आपल्या खानदेशचा इतिहास हा त्याचाच इतिहास आहे.

मोहाची दारू आपल्या डोंगरपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या होती. लग्नात, पूजेत, मयतीत ती लागे, आणि घरच्या मडक्यात गाळली जाई. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावची भट्टी गुन्हा ठरली. मक्तेदार आला, दुकान आले, उधारीची वही आली. घरची वस्तू बाजारची झाली आणि सरकारचा महसूल झाली. १८८० साली पुण्यात जोतीराव फुले यांनी नगरपालिकेचे सभासद या नात्याने दारूच्या दुकानांच्या परवान्यांवर कडक हरकत घेतली, तेव्हा त्यांचे बोट नेमके येथेच होते. त्यांनी पिणाऱ्याला शिव्या दिल्या नाहीत. दुकान कोणी उघडले हे विचारले.

मग १९२२-२३ साली देवीची लाट आली. ठाण्याच्या किनाऱ्याकडून निघून ती डांग, सुरत जिल्हा आणि आपल्या पश्चिम खानदेशच्या आदिवासी पट्ट्यापर्यंत पोचली. गावाबाहेर मांडव पडे, शेकडो माणसे जमत, कोणाच्या अंगात देवी येई आणि आज्ञा होई : दारू-ताडी सोडा, रोज अंघोळ करा, दारू विकणाऱ्याच्या कामाला जाऊ नका. गावेच्या गावे दारू सोडून बसली. पुढे काही जुन्या वाटेला लागली, काही टिकली. १९३७-३८ च्या सुमारास तळोदे भागात गुलाम महाराजांनी आरत्या सुरू केल्या. हजारो भिल्ल स्त्री-पुरुष जमू लागले आणि दारू सोडू लागले. १९७२ साली शहादे तालुक्यात श्रमिक संघटना उभी राहिली. जमिनीसाठी आणि मजुरीसाठी लढणाऱ्या तेथल्या बायांनी गावोगाव दारूची मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला.

या तिन्ही प्रसंगांतून मला एक गोष्ट दिसते. देवीचा मांडव हाही एक खेळच होता. त्यात पाहणारा नुसता पाहत नव्हता, स्वतः घुमत होता. आजच्या मोबाइलच्या खेळातही मुलगा नुसता पाहत नाही. बटण तो दाबतो, पेला तोच उचलतो. या अर्थाने आजचा खेळ गडकऱ्यांच्या नाटकापेक्षा देवीच्या मांडवाला जवळचा आहे, आणि म्हणून आईबापांची काळजी खुळी नाही. पण मांडवातून बाहेर पडल्यावर आदिवासी माणसाला काय भेटले? त्याला त्याच्याबरोबर दारू सोडलेले सबंध गाव भेटले. जेथे ते गाव टिकले तेथे शपथ टिकली. आपला पोरगा मोबाइल खिशात घालून बाहेर पडतो तेव्हा त्याला काय भेटते?

याचे उत्तर साक्रीपासून पिंपळनेरपर्यंत कोणीही देऊ शकेल. आपल्या राज्यात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षांची अट कायद्यात लिहिलेली आहे. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’च्या खोक्यावरही युरोपात १८ वर्षांची अट छापलेली असते. दोन्ही अटींची गत एकच. ऊसतोडीला जाणारे जोडपे दिवाळीच्या आसपास उचल घेते. व्यवहार ठरतो तेथे बाटलीही येते, आणि सोळा वर्षांचा पोरगा उकिडवा बसून ते पाहत असतो. टोळीबरोबर गेलेल्या पोराला फडावर ना शाळा, ना मैदान, ना वाचनालय. अंग मोडून आल्यावर वडीलधाऱ्यांच्या हाती जे दिसते तेच त्याच्या हाती येते. त्या पोराने तो विलायती खेळ पाहिलेलाही नसतो. मग त्याला पाजले कोणी?

म्हणून माझे म्हणणे एवढेच की पडद्यावरचा प्याला निर्दोष नाही. तो दारूबद्दलचा परकेपणा घालवितो, पिणे ही रोजची, मर्दानी, गमतीची गोष्ट आहे असे मनावर बिंबवितो. दूरचित्रवाणीवर दारूच्या जाहिरातीला २००० सालापासून मज्जाव आहे, तरी दारूच्याच नावाचा सोडा आणि दारूच्याच नावाचे पेले विकणाऱ्या जाहिराती आपण पाहिल्या आहेत. चित्राने काहीच होत नसते तर व्यापाऱ्याने त्यावर पैसा ओतला नसता. पण चित्र फार तर दार दाखविते. दाराबाहेर गुत्ता उभा असेल तर ते गुत्त्याकडे नेते. दाराबाहेर तालीम, वाचनालय, कामाचा रास्त दाम आणि न पिणारे चार मित्र उभे असतील, तर तेच चित्र हसण्यावारी जाते.

आपल्या राज्यात एक चांगला नियम आहे. गावातील बायांनी पुरेशा सह्यांनी मागणी केली तर दुकानासाठी मतदान होते; मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रे असतात. बाटलीचेच चित्र, पण ते आडवे करण्याचा अधिकार बाईच्या हाती. कित्येक गावांनी तो वापरला आहे.

घरी जाऊन मुलाच्या हातातला मोबाइल हिसकावून घेणे सोपे आहे. त्याला अर्ज लागत नाही, सह्या लागत नाहीत, कोणाशी वैर येत नाही. गावातला गुत्ता हलविण्याला, उचलीचा व्यवहार बाटलीवाचून करायला लावण्याला आणि संध्याकाळी पोरांसाठी एक उजेडाची जागा उघडी ठेवण्याला हे सारे लागते. मुलाला जाब विचारण्याआधी आपण गावाला विचारू या. तेवढे केल्यावर मोबाइलवरच्या खेळाबद्दल बोलण्याचा अधिकार आपल्याला येईल. आणि मला वाटते, मुलेही मग आपले ऐकतील.