हेवीवेटचा स्वभाव कोण घडवतो?

हेवीवेट मुष्टियोद्ध्यांची चर्चा निघाली की ती बहुतेक वेळा स्वभावापाशी येऊन थांबते. जो लुई थंड डोक्याचा, सनी लिस्टन क्रूर, फ्लॉइड पॅटरसन भित्रा, मुहम्मद अली वाचाळ, जॉर्ज फोरमन आधी राक्षस आणि नंतर देवमाणूस. जणू हे सारे त्यांनी आईच्या पोटातूनच आणले होते आणि रिंगमध्ये फक्त ते उघड झाले. मला हे पटत नाही. अमेरिकेतल्या हेवीवेट बॉक्सिंगचा १९०८ पासूनचा इतिहास क्रमाने पाहिला तर वेगळेच चित्र दिसते. बॉक्सर रिंगमध्ये कसा लढेल आणि रिंगबाहेर कसा वागेल, हे मोठ्या प्रमाणात त्याच्यापुढे कोणती दारे उघडी होती, कोणती बंद होती आणि पैशाच्या किल्ल्या कोणाच्या हातात होत्या, यावर ठरत आले आहे. शरीर आणि वृत्ती हा कच्चा माल खरा, पण त्याला आकार दिला तो धंद्याने.

सुरुवात जॅक जॉन्सनपासून करावी लागते. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनचा हा कृष्णवर्णीय बॉक्सर २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून जगज्जेता झाला. चौदाव्या फेरीत पोलिसांनीच ती लढत थांबवली. जॉन्सनची ख्याती बचावाची होती. समोरून येणारा ठोसा तो मोकळ्या पंजाने वाटेतच अडवायचा, प्रतिस्पर्ध्याचे दंड धरून ठेवायचा आणि जवळून अपरकट मारायचा. त्या काळच्या गोऱ्या वार्ताहरांना यात आळस आणि भित्रेपणा दिसला. पण ही शैली कुठे तयार झाली ते पाहावे. गोरे विजेते वर्णाची रेषा आखून बसले होते, म्हणून जॉन्सन, सॅम लँगफर्ड, जो जेनेट, सॅम मॅकव्हे ही माणसे थोडक्या पैशासाठी पुन्हा पुन्हा आपसातच लढत राहिली. लँगफर्ड आणि हॅरी विल्स तर डझनाहून अधिक वेळा एकमेकांसमोर उभे राहिले. पुढच्या महिन्यात त्याच तोडीच्या माणसाशी परत लढायचे असेल तर आज अंग मोडून घेणे परवडत नाही. म्हणून जॉन्सनचा बचाव मला भित्र्याचा वाटत नाही. वर्षानुवर्षे शरीर टिकवल्याशिवाय पोट भरणार नाही, हे ओळखलेल्या कारागिराचा तो शहाणपणा होता. लँगफर्डला हेवीवेट जेतेपदाची संधी कधीच मिळाली नाही. १९४४ मध्ये एका पत्रकाराने त्याला हार्लेममध्ये शोधून काढले, तेव्हा तो आंधळा आणि कफल्लक होता.

जॉन्सन नुसता जिंकला नाही, तर जिंकल्यावर ताठ मानेने वागला. ४ जुलै १९१० रोजी रीनो येथे त्याने गोऱ्या माजी जगज्जेत्या जेम्स जेफ्रीजला हरवले आणि त्या रात्री अमेरिकेतल्या अनेक शहरांत दंगली उसळल्या, माणसे मारली गेली. जॉन्सनवर पुढे खटला भरून त्याला दोषी ठरवण्यात आले आणि १९१५ मध्ये हवानात त्याने जेतेपद गमावले. त्यानंतर १९३७ पर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, एकाही कृष्णवर्णीय बॉक्सरला या जेतेपदासाठी लढू दिले गेले नाही. ती संधी शेवटी मिळालेल्या जो लुईचा प्रसिद्ध थंडपणा या बावीस वर्षांनी घडवला. जॉन रॉक्सबरो आणि ज्युलियन ब्लॅक या त्याच्या व्यवस्थापकांनी त्याला वागण्याचे नियमच घालून दिले: गोऱ्या स्त्रीसोबत छायाचित्र काढायचे नाही, पडलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर आनंद दाखवायचा नाही, नाइट क्लबमध्ये एकट्याने जायचे नाही, कॅमेऱ्यापुढे चेहरा कोरा ठेवायचा. ज्याला लोक लुईचा स्वभाव समजले, त्याचा बराचसा भाग जॉन्सनची आठवण पुसण्यासाठी घेतलेली शिस्त होती.

हीच गोष्ट त्याच्या ठोशांची. लुईचा प्रशिक्षक जॅक ब्लॅकबर्न स्वतः जुना कृष्णवर्णीय बॉक्सर होता आणि तरुणपणी लँगफर्डशी लढलेला होता. काळ्या बॉक्सरला पंच गुणांवर सहज जिंकू देत नाहीत हे त्याने आयुष्यभर पाहिले होते. त्यामुळे त्याने लुईला एकच शिकवले: निकाल पंचांच्या हातात ठेवू नकोस. लुईचे पाय फारसे उचलले जात नसत. तो सरपटल्यासारखा इंच इंच पुढे सरके, वजन पुढच्या पायावर आणे आणि मूठ लांबून न फिरवता वीतभर अंतरावरून मारे. एक ठोसा लागला की त्याच जागेवरून दुसरा, तिसरा निघत असे. त्याची खोडही एकच होती, आणि मॅक्स श्मेलिंगने ती हेरली. जॅब मारून झाला की लुईचा डावा हात खाली यायचा. १९३६ मध्ये श्मेलिंगने त्या फटीतून उजव्या हाताचे ठोसे मारून त्याला बाराव्या फेरीत लोळवले. २२ जून १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये ते दोघे पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा लुईने १२४ सेकंदांत लढत संपवली. ही केवळ सूडाची तडफ म्हणता येत नाही. चुकीला एकदाच माफी मिळते, हे पक्के ठाऊक असलेल्या माणसाचे ते काम होते.

लुईने जेतेपद पंचवीस वेळा राखले. हेवीवेटमध्ये हा विक्रम आजही उभा आहे. त्याच्या पदरात काय पडले? १९४२ मध्ये दोन लढतींची कमाई त्याने नौदल आणि लष्कराच्या मदतनिधीला देऊन टाकली आणि त्याच वर्षी तो सैन्यात भरती झाला. युद्धानंतर करखात्याची थकबाकी त्याच्या मानगुटीवर बसली. व्याज आणि दंड चढत गेले. निवृत्त झालेला लुई १९५० मध्ये पैशासाठी परतला आणि एझार्ड चार्ल्सकडून हरला. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये रॉकी मार्सियानोने आठव्या फेरीत त्याला दोरांबाहेर फेकले. त्यानंतर तो कुस्तीच्या तमाशात उतरला आणि शेवटी लास वेगसच्या एका कॅसिनोत पाहुण्यांचे स्वागत करण्याची नोकरी करू लागला. म्हाताऱ्या बॉक्सरांना मोह सुटत नाही, असे सर्रास म्हटले जाते. लुईच्या बाबतीत मोहापेक्षा कर्जाची नोंद जास्त बोलते.

आता लिस्टन आणि अली यांना शेजारी ठेवून पाहू. सनी लिस्टन मिसुरीच्या तुरुंगात बॉक्सिंग शिकला. बाहेर आल्यावर त्याच्या कराराची मालकी फ्रँकी कार्बो आणि ब्लिंकी पालेर्मो या गुन्हेगारी जगातल्या माणसांकडे गेली. सप्टेंबर १९६२ मध्ये त्याने शिकागोत पॅटरसनला पहिल्याच फेरीत लोळवले. जगज्जेता होऊन तो फिलाडेल्फियाला उतरला, तेव्हा विमानतळावर त्याच्या स्वागताला गर्दी नव्हती. देशाने त्याला एकच भूमिका दिली होती, धाक दाखवण्याची, आणि त्याने तीच केली. कॅशियस क्लेची, म्हणजे पुढच्या अलीची, वाट निराळी होती. १९६० च्या रोम ऑलिंपिकमधील सुवर्णपदकानंतर लुइव्हिलच्या अकरा धनिकांनी त्याला करारबद्ध केले. या करारात त्याच्या कमाईचा १५ टक्के वाटा निवृत्तिनिधीत बाजूला ठेवण्याची अट होती, आणि मुष्टियोद्ध्याच्या करारात असे कलम फार दुर्मीळ होते. त्याचे हात कमरेपाशी ठेवून लढणे, ठोसा चुकवताना खाली न वाकता मागे झुकणे, सतत वर्तुळात फिरत राहणे, या सगळ्या गोष्टी जाणत्यांच्या मते चुकीच्या होत्या. तरीही त्याचे प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी त्या मोडून काढल्या नाहीत, कारण त्याला घाईने विकून पैसे काढण्याची कोणाला गरज नव्हती. फेब्रुवारी १९६४ मध्ये मायामीत लिस्टन सातव्या फेरीसाठी स्टुलावरून उठलाच नाही. लोकांनी एकाला शूर आणि दुसऱ्याला पळपुटा ठरवले. दोघांना तिथपर्यंत आणणारे रस्ते किती वेगळे होते, हे फार थोड्यांनी पाहिले.

अलीची शैली बदलली तीही सरकारी आदेशाने, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. व्हिएतनाम युद्धासाठी भरती व्हायला त्याने एप्रिल १९६७ मध्ये नकार दिला आणि त्याचे जेतेपद व परवाना दोन्ही गेले. पंचविसाव्या वर्षी थांबलेला अली ऑक्टोबर १९७० मध्ये परतला, तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता आणि पायांतली चपळाई कमी झाली होती. पाय साथ देत नाहीत म्हटल्यावर त्याने मार सोसण्याची ताकद भांडवल म्हणून वापरायला सुरुवात केली. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासात त्याने दोरांना पाठ टेकून फोरमनचे ठोसे हातांवर आणि फासळ्यांवर झेलले आणि आठव्या फेरीत दमलेल्या फोरमनला पाडले. जग या युक्तीवर खूश झाले. पण हीच युक्ती पुढे सवय झाली. १९७५ ची मनिलातली जो फ्रेझरविरुद्धची लढत, १९८० ची लॅरी होम्सविरुद्धची लढत, १९८१ ची ट्रेव्हर बर्बिकविरुद्धची लढत, प्रत्येक ठिकाणी त्याचे शरीर किंमत मोजत राहिले. १९८४ मध्ये त्याच्या पार्किन्सनच्या व्याधीची बातमी जगाला कळली.

यावर पहिला आक्षेप येईल तो शरीराचा. मार्सियानो जेमतेम पाच फूट दहा इंच उंच आणि हातही आखूड, तो घुसून मारणार नाही तर काय करणार? जो फ्रेझरचा डावा हात लहानपणच्या दुखापतीमुळे पूर्ण सरळ होत नसे, म्हणून त्याचा डावा हुक जन्माला आला. हे खरे आहे आणि मी ते नाकारत नाही. शरीर काही वाटा बंद करते. पण उरलेल्या वाटांतून कोणती निवडायची, हे शरीर सांगत नाही. याचा सर्वांत मोठा पुरावा फोरमन आहे. १९७३ मध्ये किंग्स्टनला त्याने फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडले. तेव्हा तो कोणाशी बोलत नसे, हसत नसे आणि सगळी ताकद पहिल्या काही फेऱ्यांत ओतून टाकत असे. १९७७ मध्ये निवृत्त होऊन तो धर्मोपदेशक झाला आणि दहा वर्षांनी ह्यूस्टनमधल्या आपल्या युवा केंद्रासाठी पैसे हवेत म्हणून परतला. आता त्याला एका रात्रीत कोणाला संपवायचे नव्हते, त्याला पुढच्या लढतीचे आमंत्रण हवे होते. तो हात छातीपुढे आडवे धरून सावकाश पुढे जाई, जॅबवर भर देई, दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात स्टुलावर न बसता उभा राही आणि पत्रकारांशी मनमोकळे बोले. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, गुणांवर मागे असताना, त्याने दहाव्या फेरीत जगज्जेत्या मायकल मूररला उजव्या ठोशाने पाडले. हाडे तीच होती, पण गरज बदलली होती, आणि गरजेबरोबर शैलीही बदलली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. परिस्थिती काहीही असो, घाव बसल्यावर उभे राहणे किंवा खचणे हे ज्याच्या त्याच्या काळजावर अवलंबून असते, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर पॅटरसनचे. लिस्टनशी हरलो तर लोकांच्या नजरा चुकवून निघता यावे म्हणून त्याने खोटी दाढी बरोबर आणली होती, आणि ती लावूनच तो शिकागोतून गेला. यावरून त्याला भित्रा म्हणणाऱ्यांनी दुसरी नोंदही वाचावी. १९५९ मध्ये इंगेमार योहान्सनने त्याला एकाच फेरीत सात वेळा पाडले, आणि वर्षभरानंतर त्याच योहान्सनला हरवून पॅटरसन जेतेपद परत मिळवणारा पहिला हेवीवेट ठरला. तो ठोशाला घाबरत नव्हता. त्याला भीती होती ती एका पराभवात माणसाची सगळी किंमत शून्यावर आणणाऱ्या बाजाराची. धैर्य त्याचे स्वतःचेच होते, हे मी मान्य करतो. पण त्या धैर्याची कसोटी कुठे लागेल आणि ते कुठे कमी पडेल, हे त्या बाजाराने ठरवले.

माझ्या म्हणण्याची उलटतपासणी करायची तर क्यूबाचा तिओफिलो स्टीव्हन्सन पाहावा. उंची, लांब जॅब आणि उजव्या हाताची ताकद, यांतल्या कशातही तो अमेरिकेच्या व्यावसायिकांपेक्षा उणा नव्हता. त्याच्या देशात १९६२ पासून व्यावसायिक बॉक्सिंगवर बंदी होती. मोठ्या रकमेचे प्रस्ताव नाकारून त्याने १९७२, १९७६ आणि १९८० या तिन्ही ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले. तीन फेऱ्यांच्या लढतीत तो थोडा वेळ अंतर राखून वाट पाहायचा आणि संधी दिसताच उजवा हात सोडायचा. पंधरा फेऱ्या मार खात टिकण्याची कला त्याला शिकावीच लागली नाही. व्यवस्था वेगळी असेल तर तेवढ्याच ताकदीचा माणूस वेगळा बॉक्सर होतो, याचा याहून स्पष्ट दाखला मला माहीत नाही.

हे सगळे मान्य केले तर जबाबदारीही योग्य ठिकाणी जाते. १९२८ मध्ये डॉ. हॅरिसन मार्टलंड यांनी मार खाऊन बधिर झालेल्या बॉक्सरांवर निबंध लिहिला, तेव्हापासून वैद्यकाला धोका ठाऊक होता. तरीही दशकानुदशके दोष बॉक्सरच्या हट्टावर, उधळेपणावर, स्वभावावर टाकला गेला. बॉक्सरांचे आर्थिक शोषण रोखण्यासाठी अमेरिकेने अलीच्या नावाने कायदा केला तो २००० साली. लँगफर्ड तेव्हा जाऊन चव्वेचाळीस वर्षे झाली होती, लुई जाऊन एकोणीस. हेवीवेटांच्या मनाचा अभ्यास जरूर व्हावा, पण तो त्यांच्या करारांपासून सुरू करावा. कोणत्याही बॉक्सरला क्रूर, भित्रा किंवा लोभी ठरवण्याआधी त्या रात्रीच्या कमाईतले किती त्याच्या हाती पडले, हे वाचकाने एकदा विचारावे.