स्वकष्टाची शाळा

दारिद्र्य आणि विद्या यांचें भांडण फार जुनें आहे. तें मिटविण्याचा एक निराळा प्रयत्न अमेरिकेंत शिकागो शहरीं झाला.

तेथील पिल्सन भागांत मेक्सिकोहून आलेल्या कष्टकऱ्यांची वस्ती होती. त्यांच्या मुलांसाठीं कॅथॉलिक जेसुइट संघानें हायस्कूल काढण्याचें ठरविलें. परंतु पुरेशी फी पालकांना झेपणारी नव्हती, आणि निव्वळ देणग्यांवर शाळा किती दिवस चालणार? तेव्हां एका सल्लागारानें सुचविलें, कीं मुलांनींच कचेऱ्यांतून काम करावें. पेरू देशांत अनेक वर्षें सेवा केलेले फादर जॉन फोली यांच्या नेतृत्वाखालीं १९९६ सालीं ‘क्रिस्तो रे’, म्हणजे ‘ख्रिस्त राजा’, ही शाळा सुरू झाली. पूर्ण वेळाची एक कारकुनी जागा चौघांनीं वांटून घ्यावयाची, प्रत्येकानें महिन्यांतून सुमारें पांच दिवस कामावर जावयाचें आणि वेतन फीपोटीं शाळेंत जमा व्हावयाचें, अशी ही व्यवस्था.

योजना निघाली ती जमाखर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठीं. पण ज्या कचेऱ्यांचे दरवाजे मुलांना परके वाटत, तेथेंच त्यांना दुसरा वर्ग लाभला. पुढें या नमुन्यावर तीसहून अधिक शाळा निघाल्या.

कोवळ्या वयांत नोकरी कशाला, ही शंका रास्त आहे. परंतु आपल्या विद्येचा भार आपणही उचलला, हें समाधान कोणतीहि फीमाफी देऊं शकत नाहीं.