'इन्डिस्ट्रक्टिबल' क्रीचर मरतं कसं?

हिवरखेडला घरी मोबाइलवर 'मॅजिक: द गॅदरिंग अरेना' खेळत होतो. समोरच्याच्या क्रीचरवर 'मर्डर' टाकलं, कार्ड वाया गेलं, क्रीचर तसंच उभं. वाटलं ॲपच गंडलंय. पण ॲप बरोबर होतं, मीच समोरचं कार्ड वाचलं नव्हतं. मॅच हातची गेली.

इन्डिस्ट्रक्टिबल म्हणजे अमर नव्हे. हिरण्यकश्यपूला मिळालेला वर आठवा: ठरावीक वाटा बंद, बाकीच्या उघड्या.

यांनी मरत नाही
- 'डिस्ट्रॉय' लिहिलेली कार्डं: 'मर्डर', 'रॅथ ऑफ गॉड'
- कितीही डॅमेज, अगदी 'डेथटच' असलेल्या क्रीचरचंही

हे उपाय चालतात
- एक्झाइल: क्रीचर थेट खेळाबाहेर
- सॅक्रिफाइस: मालकालाच ते सोडायला लावणं
- टफनेस शून्यावर आणणं: 4/4 ला -4/-4 दिलं की खेळ खल्लास
- मालकाच्या हातात परत पाठवणं: मरत नाही, पण वेळ मिळतो

इथे बरेच जण फसतात
डॅमेजने टफनेस कमी होत नाही. 4/4 ला 3 डॅमेज झालं आणि वरून -1/-1 दिलं, तर साधं क्रीचर मरेल. इन्डिस्ट्रक्टिबल मरणार नाही, कारण त्याचा टफनेस अजून 3 आहे. मात्र डॅमेजची नोंद टर्न संपेपर्यंत राहते. पुरेसं डॅमेज झालेलं असताना त्याच टर्नमध्ये त्याची इन्डिस्ट्रक्टिबल शक्ती गेली, तर ते लगेच मरतं.

म्हणून डेकमध्ये एक्झाइलची दोन-चार कार्डं ठेवाच. आणि 'डिस्ट्रॉय' टाकण्याआधी समोरचं कार्ड मोठं करून वाचा.