मातीतला खळगा

वेगाने आलेली गोळी लाकडात किती खोल जाऊन थांबेल, हा प्रश्न तोफखान्याचा वाटतो. पण त्याचे उत्तर मागावर राबणाऱ्या माणसाच्याही उपयोगाचे आहे, हे मला फार उशिरा कळले.

धावत्या वस्तूच्या अंगचा जोर कसा मोजावा, यावर युरोपात मोठा वाद माजला होता. वजनाला वेगाने गुणावे, असे देकार्तचे अनुयायी म्हणत. वेगाच्या वर्गाने गुणावे, असे लायब्निट्झचे म्हणणे. इटलीत पोलेनीने १७१८ साली चरबीत, तर हॉलंडात ग्राव्हेझांडेने १७२२ साली मऊ मातीत गोळे टाकून पाहिले. वजन तेच ठेवून वेग दुप्पट केला, की खळग्याचे आकारमान चौपट भरे. ग्राव्हेझांडे हा न्यूटनच्या पक्षाचा. पण खळगा पाहून त्याने आपले मत बदलले.

पुढे १७४२ साली इंग्लंडात बेंजामिन रॉबिन्सने टांगलेल्या लंबकावरील लाकडात गोळी झाडली आणि लंबकाच्या झोक्यावरून तिचा वेग काढला. लाकूड गोळीला वाटभर सारखेच अडवते, म्हणून खोली वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, असे त्याने मांडले. हाच रॉबिन्स ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आपल्या देशात आला आणि १७५१ साली पूर्व किनाऱ्यावरील फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारला.

त्याचा हिशेब अपुरा होता. फ्रान्समधील मेत्झ येथे १८३४-३५ साली माती, लाकूड व दगडी बांधकाम यांवर गोळे डागून पाहिले गेले. तेथील पाँस्लेच्या सूत्रात प्रतिकाराचे दोन भाग आहेत: एक पदार्थाच्या अंगच्या कठीणपणाचा, तो कायम, दुसरा पदार्थ बाजूस सारण्याचा, तो वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढणारा. म्हणून फार वेगवान गोळी रॉबिन्सच्या हिशेबाइतकी खोल जात नाही.

हा पाँस्ले १८१२ साली नेपोलियनच्या स्वारीत रशियात कैद झालेला अधिकारी. परत आल्यावर १८२७ पासून तो मेत्झच्या कारागिरांना व कामगारांना यंत्रशास्त्र शिकवू लागला. जोर गुणिले अंतर, या राशीला त्याने व कोरिओलिसने जे नाव रूढ केले, ते फ्रेंच भाषेतला मजुराच्या कामाचाच साधा शब्द होय.

आता माझी गोष्ट. एका यंत्रमाग कारखान्यात मालकाने मागाची गती वाढविली. धोटा उडाला आणि आमच्या एका सोबत्याचा डोळा गेला. मालक म्हणाले, "गती चौथाईनेच तर वाढविली होती!" मी गप्प बसलो, उत्तर ठाऊक नव्हते. गती सव्वापट झाली, की धोट्याच्या अंगचा जोर दीडपटीहून अधिक होतो, हे पुढे वाचनालयात एका जुन्या पुस्तकात वाचले. पुढच्या वाटाघाटीत तो हिशेब मी कागदावर मांडला. मालकांनी तो दोनदा तपासला. मग मागांना जाळ्या बसल्या.

सोबत्याचा डोळा काही परत आला नाही. मेत्झसारखा एखादा वर्ग आमच्या वस्तीत असता, तर गती वाढविण्याच्या दिवशीच आम्ही तो हिशेब मांडला असता.