पेरोव्हस्काइट सौरघट

पेरोव्हस्काइट सौरघट हा पेरोव्हस्काइट स्फटिकरचना असलेल्या पदार्थाच्या पातळ थराने प्रकाश शोषून वीज निर्माण करणारा सौरघट होय. या घटाची कार्यक्षमता अल्पावधीत सिलिकॉनच्या बरोबरीस आली. त्याचे आयुष्य मात्र अद्याप सिलिकॉनच्या घटापेक्षा पुष्कळच कमी आहे. सध्याचे बहुतेक संशोधन ही तफावत भरून काढण्यासाठी चालू आहे.

नाव व इतिहास

पेरोव्हस्काइट हे मूळचे एका खनिजाचे नाव. उरल पर्वतातील या खनिजाचा शोध १८३९ साली जर्मन खनिजशास्त्रज्ञ गुस्टाफ रोझ यांनी लावला आणि लेव पेरोव्हस्की या रशियन खनिजसंग्राहकाचे नाव त्यास दिले. सौरघटात हे खनिज मुळीच नसते, असते ती केवळ त्याच्यासारखी रचना. नावामुळे विद्यार्थ्यांचा येथे हमखास घोटाळा होतो. घटातील पदार्थ प्रायः शिसे, आयोडीन किंवा ब्रोमीन आणि एखादा सेंद्रिय आयन यांचा बनलेला असतो.

जपानमधील त्सुतोमु मियासाका व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली असा पहिला घट प्रसिद्ध केला. त्याची कार्यक्षमता ३.८% होती आणि घटातील द्रवात पेरोव्हस्काइट लवकरच विरघळून जाई. २०१२ मध्ये द्रवाऐवजी घन पदार्थ वापरल्यावर कार्यक्षमता १०% च्या आसपास पोहोचली. आज ती प्रयोगशाळेत २६% हून अधिक आहे.

दुहेरी घट

एकट्या सिलिकॉन घटाची सैद्धांतिक मर्यादा सुमारे २९% आहे. निळ्या-हिरव्या प्रकाशातील अतिरिक्त ऊर्जा त्यात उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणून सिलिकॉनवर पेरोव्हस्काइटचा थर देतात. वरचा थर हा प्रकाश शोषतो, तर तांबडा व अवरक्त प्रकाश खालच्या सिलिकॉनकडे जातो. आयोडीन व ब्रोमीन यांचे प्रमाण बदलून वरच्या थराने कोणता प्रकाश शोषावा हे ठरवता येते. लाँगी या चिनी कंपनीच्या दुहेरी घटाने ३४% चा टप्पा ओलांडला आहे. असे उच्चांक साधारणतः एक चौरस सेंटिमीटरच्या नमुन्यावर नोंदलेले असतात, हे ते वाचताना ध्यानात ठेवावे.

टिकाऊपणा व शिसे

सिलिकॉन पॅनेलला सामान्यतः २५ वर्षांची हमी मिळते. पेरोव्हस्काइट मात्र ओलावा, उष्णता व अतिनील किरणे यांनी विघटित होते; शिवाय विद्युत्क्षेत्रामुळे त्यातील आयन जागा सोडतात. पॅनेलच्या प्रमाणित चाचणीत ८५° सेल्सिअस तापमान व ८५% आर्द्रता १,००० तास राखली जाते. तथापि १,००० तास म्हणजे जेमतेम सहा आठवडे. कोकणातील एकच पावसाळा याहून दीर्घ असतो.

पॅनेल फुटल्यास शिशाचे क्षार पावसाच्या पाण्यात उतरू शकतात. शिशाऐवजी कथील वापरून पाहिले गेले आहे. परंतु त्याचे सहज ऑक्सिडीकरण होते व कार्यक्षमताही कमी राहते. त्यामुळे घट हवाबंद करणे आणि शिसे अडवून धरणारे थर देणे यांवर भर आहे.

सद्यस्थिती

२०२४ मध्ये ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने दुहेरी घटांची पॅनेले प्रथमच व्यापारी तत्त्वावर ग्राहकास पाठवली. भारतात मुंबईच्या आयआयटीमधील, २०१० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन व शिक्षण केंद्रात दुहेरी घटांवर संशोधन चालते.