दिव्यांग क्रीडापटूंचे निद्राशिक्षण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

दिव्यांग क्रीडापटूंच्या निद्राशिक्षणाचा विचार अलीकडचा मानला जातो. परंतु त्याची पूर्वपीठिका रुग्णालयातील रात्रीत सापडते. इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे १९४४ मध्ये डॉ. लुडविग गुटमन यांच्या नेतृत्वाखाली मेरुरज्जू-दुखापत विभाग सुरू झाला. शय्याव्रण टाळण्यासाठी तेथे रुग्णांची कूस रात्रंदिवस दर दोन तासांनी बदलली जाई. प्राण वाचत, झोप मात्र खंडित होई. याच आवारात २९ जुलै १९४८ रोजी १६ जखमी सैनिक स्त्री-पुरुषांची तिरंदाजी स्पर्धा झाली आणि १९६० मध्ये ही परंपरा रोमला पोहोचली.

ठरावीक वेळी झोपावे, सकाळी उजेड घ्यावा, रात्री अंधार ठेवावा, असे खेळाडूंना सामान्यतः शिकवले जाते. तथापि मेंदूचा संदेश पिनियल ग्रंथीकडे मानेतील मेरुरज्जूमार्गे जातो. तेथे पूर्ण दुखापत झाल्यास मेलाटोनिनचा रात्रीचा स्राव थांबतो. पूर्णतः अंध खेळाडूच्या शरीराला उजेडाचा संकेत बहुधा मिळतच नाही. अशा खेळाडूंच्या निद्रानाशास बेशिस्त म्हणणे अन्यायाचे ठरेल.

सारांश, गुटमन यांच्या विभागात रात्रीचे वेळापत्रक शरीराच्या गरजेनुसार ठरे. निद्राशिक्षणाचा प्रारंभही तेथूनच व्हावयास हवा.